कोरड्या नायलॉनचा आकडा

डँडेनाँगच्या त्या कारखान्यात ग्लेनिस हार्टिगननं एकोणीस वर्षं प्लॅस्टिकच्या पट्ट्या तोडल्या. तेच तिचं काम. यंत्राच्या जबड्यांत पट्टी धरायची, तुटेपर्यंत ताणायची, किती जोर लागला ते लिहायचं. बाई तिखट होती. गोड बोलण्यात वेळ घालवणाऱ्यांतली नव्हे.

त्या वर्षी वृद्धाश्रमांसाठी न्हाणीघरात भिंतीला लावायची, बसून अंघोळ करायची बैठक बाजारात निघणार होती. तिचे टेकू नायलॉनचे. आणि नायलॉन पाणी पितं. साच्यातून निघालेलं कोरडं नायलॉन ताठ असतं. दमट हवेत मुरलं की जवळपास निम्म्या जोरालाच मान टाकतं. म्हणून पुरवठादाराच्या कागदावर दोन रकाने असतात, कोरड्याचा आणि मुरलेल्याचा. आराखडा करणाऱ्या लॅकलननं कोरड्याचा, मोठ्या आकड्यांचा रकाना उचलला आणि टेकू बारीक आखला.

"काय रे, ही बैठक न्हाणीघरात लावणार ना? की कपाटात?"

"झालं सुरू! अहो ग्लेनिसबाई, चाचणीच्या पट्ट्या सीलबंद पिशवीतून कोरड्याच काढायच्या असतात, नियमच आहे."

"पट्टीवर कुणाची आजी बसत नाही, बाळा."

"जाड टेकू म्हणजे नवा साचा. आपला साहेब वॉरेन माझी सालटी काढेल."

"काढू दे. तुझी कातडी परत येईल."

तिनं आपणहून पट्ट्या सहा आठवडे बादलीत भिजवल्या, तोडल्या, आणि निकालाचा कागद व्यवस्थापकाच्या, वॉरेनच्या पुढ्यात टाकला. त्यानं वरवर पाहिलं.

"छान. फायलीला लाव. आता या कोरड्या आकड्यांच्या तक्त्यावर सही कर, गिऱ्हाईक थांबलंय."

"हा तक्ता पुरेसा नाही."

"खोटा आहे का?"

"खोटा नाही."

"मग?"

निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. तिनं सही केली.

दुसऱ्याच उन्हाळ्यात केर्न्समध्ये, जिथं भिंतींनाही घाम फुटतो, एक टेकू तुटला. मर्ल ऑफरमन, वय एक्याऐंशी, खुबा मोडून पडल्या त्या उठल्याच नाहीत. तिसऱ्या आठवड्यात गेल्या.

चौकशीला आलेली बाई मऊ बोलायची. तिनं फाईल उघडून भिजवलेल्या पट्ट्यांचा कागद टेबलावर ठेवला.

"हा कधी पाहिलात?" तिनं वॉरेनला विचारलं.

"आजच."

लॅकलननं नकारार्थी मान हलवली. त्यानंही पाहिला नव्हता म्हणे.

"कागदावर नाव एकच आहे, मिसेस हार्टिगन. म्हणजे हे टेकू टिकणार नाहीत, हे कारखान्यात फक्त तुम्हालाच माहीत होतं?"

ग्लेनिसनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. दोघांनाही टेबलाच्या कडेत अचानक फार रस वाटू लागला होता.

"आम्हा तिघांत कळत होतं ते मला एकटीलाच," ती म्हणाली. "आणि कोरड्या तक्त्यावरची सहीसुद्धा माझीच आहे. लिहा."