वेल्ह्याची चिठ्ठी

शेणकिडा पकडला की चिठ्ठी जागेवरच लिहायची, हा आमच्या प्रयोगशाळेचा पहिला नियम. गाव, तारीख, शेण गाईचं की म्हशीचं. लिहायचं पेन्सिलीनेच, कारण शाई स्पिरिटमध्ये उतरते. आणि चिठ्ठी किड्याबरोबर बाटलीत टाकायची. बिनचिठ्ठीचा किडा म्हणजे कचरा, असं आमचे सर म्हणत. मी भोरच्या कॉलेजात प्राणिशास्त्राची प्रात्यक्षिकं घ्यायचे आणि सुट्टीच्या दिवशी सरांसाठी किडे गोळा करायचे. भोर-वेल्ह्यात शेणकिड्याची कोणती जात कुठे मिळते, याचा नकाशा ते करत होते.

नव्वदच्या दशकातल्या एका पावसाळ्यात मी सकाळी आंबवडे आणि दुपारी वेल्हे उरकलं. हात कोपरापर्यंत शेणाने भरलेले. चिठ्ठ्या एसटीत लिहू म्हटलं. एसटीत उभं राहायलाही जागा नव्हती. कापूरहोळला भोरच्या गाडीची वाट बघताना ढाब्याच्या बाकावर पिशवी उघडली, तर दोन्ही बाटल्या सारख्याच. कुठली कुठली, आठवेना. एकीत शिंगवाला नर होता. ती जात तोवर फक्त कोकणात सापडली होती. कोकणातला किडा घाट चढून आलाच तर घाटमाथ्याजवळच्या वेल्ह्यात येईल, आंबवड्यात कशाला, असा विचार करून मी लिहिलं: वेल्हे.

सर खूश झाले. भिंगाखाली तासभर ते शिंग बघत बसले, जुन्या वर्णनाशी ताडून पाहिलं आणि नकाशावर वेल्ह्याला ठिपका दिला. तो छापूनही आला. पुढच्याच पावसाळ्यात आंबवड्याच्या माळावर मला तसलेच दोन शिंगवाले मिळाले. मी ते परत शेणात सोडून दिले आणि गप्प बसले.

दहा वर्षांनी, सर गेल्यानंतर, एक मुलगी याच किड्यावर पीएच.डी. करायला आली. दोन पावसाळे ती वेल्ह्यात शेण उकरत होती. दुसऱ्या पावसाळ्यात एकदा मीही बरोबर गेले. ज्यांच्या म्हशींच्या मागे ती हिंडायची, त्या मावशी गोठ्यातूनच ओरडल्या, “काय गं, अजून घावला न्हाई व्हय तुझा नवरदेव?”

“शिंगवाला हवाय, मावशी.”

“शिंगवाल्या हितं चार म्हशी हायती. त्यातली घेऊन जा. माझा जलम शेणात गेला, आसला किडा म्या कंदी बघितला न्हाई.”

“पण इथे होता असं छापलंय.”

“मग छापणाऱ्याला इचार की!”

मुलगी हसली. मी चपला धुवायला ओढ्यावर गेले.

परतताना एसटीत ती म्हणाली, “मॅडम, मी सरळ लिहून टाकते. गुरं कमी झाली, शेण कमी झालं, म्हणून ही जात वेल्ह्यातून नाहीशी झाली. प्रबंध पुढच्या महिन्यात द्यायचाय.”

चुकीचा ठिपका एक वेळ मी पचवला होता. आता त्या ठिपक्यातला किडा मारायला निघाली होती ती, आणि त्यावर तिचं नाव येणार होतं.

रविवारी मी तिला आंबवड्याच्या माळावर नेलं. शेणाचा तिसराच पो खुरप्याने उलटला आणि शिंगवाला निघाला.

“मॅडम, नवीन ठिकाण!”

“नवीन नाही. पहिलंच,” मी म्हणाले आणि कापूरहोळच्या बाकापासून सगळं सांगितलं.

“सरांना माहीत होतं?”

“नाही.”

“आणि तुम्हाला? हे दोन्ही पावसाळे?”

“हो.”

तिने किडा बाटलीत टाकला. मी सवयीने पिशवीतून कागद-पेन्सिल काढली. तिने दोन्ही माझ्या हातातून घेतली.

“मी लिहिते,” ती म्हणाली, आणि माझ्याकडे पाठ करून, गुडघ्यावर कागद ठेवून तिथेच लिहायला बसली.