साहेबराव आणि सोमल

चाकणच्या एका कारखान्यात साहेबरावांनी सव्वीस वर्षं विष सांभाळलं. पोलादाला पाणी देऊन ते कडक करण्याच्या खात्यात सायनाइड लागायचं आणि त्या कपाटाची किल्ली त्यांच्या कमरेला असायची. नियमही त्यांचेच. एकाने डब्यावरचं नाव मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने तेच नाव म्हणायचं, मगच झाकण उघडायचं. डबा काढताना वजन, ठेवताना वजन. दहा ग्रॅमचा फरक निघाला तरी साहेबराव शिफ्ट सोडत नसत, मग बस चुको नाहीतर मोठे साहेब चिडोत. नवी पोरं पाठीमागे हसायची. हसेनात का! त्या खात्यातून एकालाही कधी दवाखान्यात न्यावं लागलं नाही.

अशा माणसापुढे डॉक्टरीणबाईंनी सहीचा कागद ठेवला.

दीक्षा त्यांची एकुलती एक, बावीस वर्षांची, माणच्या कंपनीत नुकतीच नोकरीला लागलेली. हिरड्यांतून रक्त येतंय, अंगावर काळेनिळे डाग उठतायत म्हणून पिंपरीच्या दवाखान्यात नेलं, तर रक्ताचा कॅन्सर निघाला.

"या प्रकाराला आर्सेनिक चांगलं लागू पडतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "शिरेतून, रोज, मोजून. बहुतेक पेशंट बरे होतात."

"आर्सेनिक म्हणजे सोमलच ना, मॅडम?"

"हो. सोमलच."

पेन हातात धरून साहेबराव तसेच बसले. जन्मभर दुसऱ्यांची पोरं विषापासून जपली, आणि पोटच्या पोरीच्या रक्तात ते सोडायला स्वतःच्या हाताने सही करायची! त्यांची बायको कस्तुरा नुसती त्यांच्या बोटांकडे बघत होती. शेवटी दीक्षाच म्हणाली, "पप्पा, करा सही. मोजूनच देणारेत. तुमच्यासारखंच."

त्यांनी सही केली.

रोज दुपारी सलाईनमधून सोमल सुरू व्हायचं. सकाळी दीक्षाचं वजन करून कागदावर लिहायचं आणि कागद सिस्टरकडे द्यायचा, हे काम साहेबरावांनी मागून घेतलं होतं. दहाव्या दिवशी काटा बघून कस्तुराचा चेहरा फुलला. दोन दिवसांत अडीच किलो वाढलं होतं.

"पोरगी अंगाला लागली बघा!"

साहेबरावांनाही इतकं हायसं वाटलं की बाहेर बाकड्यावर बसून ते रडले. त्या भरात कागद खिशातच राहिला. सव्वीस वर्षांत जे कधी झालं नाही, ते आज झालं.

जेवणाचा डबा आला. दीक्षाने दोन घास खाल्ले आणि ताट सारलं. त्या ताटाकडे बघता बघता साहेबराव मनातल्या मनात मागचे दिवस मोजू लागले. कालही दोनच घास. परवाही. मग अडीच किलो आलं कुठून?

स्वतःचा घास टाकून ते तसेच उष्ट्या हाताने डॉक्टरीणबाईंकडे पळाले. "मॅडम, पोटात काही जात नाही आणि वजन वाढतंय. काहीतरी चुकतंय."

डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली, पाय दाबून पाहिले. अंगात पाणी साठलं होतं, फुप्फुसांतसुद्धा. या उपचारात असं कधीकधी होतं, उशीर झाला तर जिवावर बेततं, असं त्या म्हणाल्या. सोमल थांबवलं, दुसरं औषध सुरू झालं, नाकाला ऑक्सिजनची नळी लागली.

"कालपासून दम लागतोय, पप्पा," दीक्षा हळूच म्हणाली. "तुम्ही सोमल बंद करायला लावाल म्हणून बोलले नाही."

आपल्या धास्तीपायी पोरीने श्वाससुद्धा लपवला, याची साहेबरावांना फार लाज वाटली.

चार दिवसांत पाणी उतरलं. पाचव्या दिवशी साहेबराव स्वतःच डॉक्टरीणबाईंच्या दारात उभे राहिले. "मॅडम, सोमल परत कधी द्यायचं?"

त्या दुपारी सिस्टर औषध घेऊन आल्या. साहेबराव उठले, चष्मा लावला आणि लेबल मोठ्याने वाचलं, "आर्सेनिक ट्रायऑक्साइड." सिस्टर काय समजायचं ते समजून थांबल्या.

दीक्षाने पाठीमागची उशी सारखी केली आणि बापाकडे बघत तेच नाव म्हटलं, अगदी स्पष्ट.

"सोडा आता," साहेबराव म्हणाले.