माजघराच्या दारावरचे घाव

सूरजची आणि माझी शेवटची भेट झाली तेव्हा त्याच्या हातात कोयता होता आणि माझ्या हातात बांबू. वहिनी, म्हणजे त्याची आई, माजघराचं दार लावून आतून कडी धरून उभ्या होत्या आणि तो बाहेरून दार तोडत होता. भरदुपारी. "भाकरीत काय कालवलंस सांग," एवढंच परत परत म्हणत होता. मी त्याच्या मनगटावर बांबू घातला. तो वळला, त्यानं कोयत्यानं माझा दंड फाडला आणि हा कोण माणूस, अशा नजरेनं माझ्याकडे बघत राहिला... मग कोयता टाकून रस्त्याकडे पळाला. रस्त्यावरून उसाची डबल ट्रॉली चालली होती. ड्रायव्हरनं ब्रेक दाबला, पण भरलेली ट्रॉली जागच्या जागी कुठं थांबते? चोवीस वर्षांचा माझा पुतण्या मागच्या चाकाखाली गेला. त्याला आता दोन महिने होत आले.

गेलेल्या माणसाबद्दल चार चांगले शब्द लिहायची रीत आहे. सूरजबद्दल चारशे लिहिता येतील. थोरला भाऊ वारल्यावर त्याची दोन्ही पोरं, सूरज आणि धाकटा अक्षय, माझ्या हाताखाली वाढली. मी फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला, फाटक्या तोंडाचा आणि लगेच हात उगारणारा. अक्षय मला टरकून असे, सूरज मात्र माझी नक्कल करी. पोट पुढं काढून, हात मांड्यांना चिकटवून "जवान, हिलेगा नहीं" म्हणत अंगणात उभा राहायचा आणि वहिनी हसून हसून खाली बसायच्या. वहिनींचे दात लवकर पडले. म्हणून सूरज उसाचं कांडं सोलून त्याचे हरभऱ्याएवढे तुकडे करायचा आणि वाटीत घालून आईपुढं ठेवायचा. त्याच कोयत्यानं.

तासगावला बेदाण्याच्या शेडवर तो हंगामाला जाऊ लागला आणि तिथं गांजा ओढायला शिकला. मला ठाऊक होतं. दारू पिऊन गटारात पडण्यापेक्षा बरं, असं मीच वहिनींना समजावलं होतं. शेडवरची पाचसहा पोरं ओढायची आणि ती आजही धडधाकट आहेत. दुसऱ्या हंगामात सूरज मधेच परत आला. मोबाईल आपलं बोलणं ऐकतो म्हणून त्यानं तो दगडानं ठेचला. शेजारच्या म्हाताऱ्याच्या पाठीत खोरं घातलं. दोरीनं हात बांधून जीपमधून त्याला मिरजेला नेलं, तेव्हा वाटेत त्यानं माझ्या खांद्याचा लचका तोडला. डॉक्टर शांत माणूस. घरात पूर्वी कुणाला असं झालं होतं का, असं त्यांनी विचारलं. माझा सख्खा चुलता बारा वर्षं गोठ्यात साखळीला होता. तरी मी "नाही" म्हणालो. डॉक्टर म्हणाले, "गांजानं सगळ्यांना होत नाही. कुणाला होईल ते आधी सांगताही येत नाही. याला झालंय. गांजा बंद आणि गोळ्या चालू, यात तुमचं डोकं चालवू नका."

मी डोकं चालवलं. गोळ्यांनी सूरज झोपू लागला, जेवू लागला, नक्कलही एकदोनदा केली. पण तो सुस्त झाला आणि त्याच सुमारास अक्षयची भरती आली. आमच्या गावात घरटी एक माणूस फौजेत. भरतीचं पोरगं म्हणजे गल्लीचं पोरगं, कुणी अंडी आणून देतं, कुणी दूध. अशात पारावर एकजण बोलून गेला की घरात वेडाचा कागद असला तर भरतीत आडवा येतो. मला ते पटलं. मी तीस वर्षांपूर्वीची फौज डोक्यात घेऊन बसलेलो... मिरजेचा केसपेपर आणि गोळ्यांची पाकिटं मी वहिनींच्या डोळ्यांदेखत चुलीत घातली आणि सुस्ती झडावी म्हणून सूरजला अक्षयबरोबर पळायला उतरवलं. तो थांबला की कमरेचा पट्टा काढायचो. पट्टा खाताना तो हळूच म्हणायचा, "तात्या, दमानं मारा, ती ऐकत्यात."

एक दिवस तो माझ्याजवळ येऊन बसला. "तात्या, गोळ्या द्या की. आवाज परत आल्यात. लय बेकार बोलत्यात." मी त्याच्या कानाखाली मारली. त्यानं परत मागितलं नाही. आवाज दाबायला तो पुन्हा गांजाकडे गेला आणि आवाज वाढतच गेले. पुढं काय झालं ते वर लिहिलंच आहे.

अक्षयचं मेडिकल त्यानंतर झालं. पास होऊन आला, पेढे कुणी आणले नाहीत. मी त्याला अंगणातच विचारलं, "भावाचं काय इचारलं रं?"

"काय न्हाई. गुडघं बघितलं, दात बघितलं, छाती फुगवाया लावली." तो चपला काढत होता, माझ्याकडे न बघता म्हणाला, "दादाचं नावबी कुणी काढलं न्हाई, तात्या."

तुमच्या घरात असा कागद असेल तर तो जाळू नका, एवढं सांगायला मी हे लिहायला बसलो. मी माझ्या पुतण्याला मारलं. चाक ट्रॉलीचं होतं, एवढंच.

परवा सुताराला बोलावलं होतं. दारावरचे घाव बुजवून रंग द्यायचा होता. वहिनींनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं. दुपारी त्या त्याच दाराला पाठ टेकून बसतात. जुना कोयता पोलिसांनी नेला, मी नवा आणलाय. समोर बसून मी ऊस सोलतो, तुकडे करून वाटीत घालतो. काल वहिनींनी एक तुकडा तोंडात घातला, बराच वेळ घोळवला आणि काढून हातावर घेतला.

"लय मोठं झालं, भावजी," त्या म्हणाल्या. "सूरज बारीक करायचा."

मी वाटी परत घेतली.