रानातली पाठमोरी

लेक-जावई सकाळी कामाला गेले की ब्रिस्टलमधलं ते घर मला खायला उठायचं. म्युझियमला तिकीट नव्हतं आणि आत हीटिंग होतं, म्हणून मी तिथे जाऊन बसू लागले.

वरच्या मजल्यावर एका भिंतीभर जंगल टांगलेलं होतं. दीडशे वर्षांपूर्वीचं तैलचित्र. ओकची वाकलेली झाडं, शेवाळलेले दगड, मागे मावळतीचा उजेड आणि पायवाटेवरून रानात शिरणारी, काखेत गाठोडं घेतलेली, पाठमोरी एक इवलीशी बाई. मी हरखलेच. आमच्या नाटक कंपनीच्या जंगलाच्या पडद्याचं हे थोरलं भावंड! त्या पडद्यापुढे मी जन्मभर गाऊन गाऊन वनवास भोगलेला. 'अगं बाई!' म्हणत सवयीने बूट काढले आणि नमस्कार केला.

"अहो बाई, बूट घाला! इथे अलाउड नाही," मागून चक्क मराठीत दरडावणी आली.

ती श्यामला. त्या खोलीची राखणदारीण, निळा कोट, गळ्यात बिल्ला. डॉक्टर नवऱ्याबरोबर तरुणपणी नागपूरहून आलेली. आता नवरा नव्हता. मुलगा पुष्कर ब्रॅकनेल गावात आयटीत, रविवारी फोन करायचा, विसरला नाही तर. ती दिवसभर त्या चित्रासमोरच्या खुर्चीत बसायची आणि बंद व्हायच्या वेळी त्या पाठमोरीला म्हणायची, "येते गं."

"हसू नका हं बाई. दिवसाचं माझं मराठी एवढंच असतं."

"मी कशाला हसू? मी तर कापडी झाडांना मिठ्या मारून रडलेय, आणि लोकांनी टाळ्या दिल्यात!"

मग आम्ही रोज बोलू लागलो. एके दिवशी मात्र तिचा चेहरा उतरलेला होता.

"चित्र क्लीनिंगला नेणार आहेत. ती पाठमोरी मूळची नाहीच म्हणे. कुणा दुकानदाराने चित्र खपावं म्हणून मागाहून रंगवून घेतली. तिला पुसणार."

"राहू द्या म्हणावं!"

"म्हटलं ना. तर तो क्लीनिंगवाला पोरगा म्हणाला, 'श्यामला, शी डझन्ट बिलाँग देअर.' अगदी गोड आवाजात हो."

चित्र परत आलं तेव्हा माझं परतीचं विमान चार दिवसांवर होतं. जंगल लखलखीत हिरवं झालं होतं. पायवाट रिकामी.

"सुंदर दिसतंय, नाही?" श्यामला म्हणाली. मग खुर्चीत जाऊन बसली. मी दिवसभर कंपनीचे किस्से सांगितले, राजाच्या मिशीचा, पळून गेलेल्या हरणाचा. तिने मान डोलावली, इतकंच.

बंद होण्याची घंटा झाली. तिने कोट सारखा केला, दारापाशी गेली आणि सवयीने वळून वाटेकडे पाहिलं. ओठ हलले, पण शब्द बाहेर आला नाही.

मी बूट काढले. चित्रापुढे, अगदी त्या वाटेच्या तोंडाशी, पर्स काखेत धरून तिच्याकडे पाठ करून उभी राहिले.

"बाई, काय चाललंय? कॅमेरा आहे वर!"

मी हलले नाही. भूमिका मुकी होती आणि पाठमोरी. मोज्यांतून फरशी गार लागत होती. खालच्या मजल्यावर कुणीतरी दिवे मालवत होतं.

मग मागून आवाज आला.

"येते गं."