संकल्पाचे पाणी आणि लाथाडी गाय

श्रीसत्यनारायणाला नमन करून पौर्णिमेच्या एका पूजेची आठवण लिहितो.

साक्रीजवळच्या एका शेतकरी यजमानांकडे मी वर्षानुवर्षे पूजा सांगतो. त्या दिवसांत त्यांना गाय विकायची होती. धार काढताना ती लाथ मारी आणि त्यात यजमानीणबाईंचे मनगट मोडले होते. गिऱ्हाईक आले, तेव्हा यजमान पाटावर बसले होते आणि संकल्पाचे पाणी त्यांच्या तळहातावर होते.

दारातूनच गिऱ्हाईकाने विचारले, "आबा, गाय लात मारस का?"

यजमानांनी पाण्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. मी मंत्र थांबवला नाही. मध्येच थांबण्याची सोय शास्त्रात नाही.

"मारस," ते म्हणाले. "रोज मारस."

गिऱ्हाईक देवाला नमस्कार करून आल्या पावली परतले.

"पाणी सोडीसन बोलानं नही का?" यजमानीणबाई आतून म्हणाल्या.

मंत्र संपल्यावर यजमानांनी मला हळूच विचारले, "महाराज, पाणी सोडल्यावर खोटं चाललं असतं का?"

"आधी पूजा पूर्ण करू, आबा," मी म्हणालो.

पुढच्या आठवडे बाजारात ते गाय घेऊन गेले. तिथे कोणी विचारण्याआधीच त्यांनी तिची खोड सांगून टाकली. परतताना ते माझ्या दारी थांबले.

"महाराज, तुमनी पूजा मन्हा मांगे बाजारलोंग उनी!"

पूजा बाजारापर्यंत मागे आली, ही त्यांची तक्रार मी ऐकून घेतली. निवारण केले नाही. गाय अद्याप गोठ्यात आहे. धार आता यजमान स्वतः काढतात.

वाचकांना व त्यांच्या कुटुंबीयांना श्रीहरी सत्य बोलण्याचे बळ देवो, आणि त्यांच्या घरची दुभती जनावरे शांत स्वभावाची असोत.