कशाच्या मागून काय

उदगीरची गुरम्मा सातवी शिकलेली, पण वाचायचा नाद असा की दुकानात पुडी बांधायच्या आधी ती रद्दी वाचून काढायची. गिऱ्हाईक ताटकळायचं. पुढं नवरा गेला, दुकान भाड्यानं गेलं, नाद तेवढा राहिला.

एका दुष्काळात तिचा पोरगा मन्मथ पुण्याहून घरी आला. अव्वाला पाणी भरायला कुणी नाही, असं साहेबाला सांगून लॅपटॉपसकट पुढच्या खोलीत बसला. पाणी टँकरचं, तेही टँकरवाल्याच्या मर्जीनं. उदगीर जिल्हा झाला की नळाला पाणी येणार, असं गल्लीतले म्हातारे सांगत. जिल्ह्याचीही ते टँकरसारखीच वाट बघत.

त्या दिवशी टँकर आलाच नव्हता. गुरम्माचा नेम पक्का: अंघोळीशिवाय गळ्यातल्या लिंगाची पूजा नाही, पूजेशिवाय पाण्याचा घोट नाही. बीपीची गोळी त्याच्याही मागून. घरात हंडाभर पाणी होतं, पण ते पिण्याचं. ते अंगावर ओतायचं म्हणजे पाप. दुपार झाली, गोळी पाकिटातच. उठताना तिनं दोनदा भिंत धरली. मन्मथनं समजावलं, रागावून पाहिलं.

"टँकर येऊ दे," एवढंच उत्तर.

बसल्या बसल्या तिला जुनंच कोडं आठवलं. "तू दिवसभर काय करायलास, सांग की."

"फाईल लिहायलोय. प्रोग्राममधी काही बदललं की मशीन आपोआप भाग जोडतंय, तपासतंय, मग गिऱ्हाइकाला पाठवतंय. कशाच्या मागून काय, तेवढं मी लिहून देतो."

"मशीनला वाचायचंय, तर माणसाला कळंल असं कशाला लिहितूस?"

"उद्या मी नसलो तर दुसऱ्याला कळावं म्हणून."

"मग मलाबी कळंल. दाव."

कामांची नावं त्यानं हौसेनं मराठीत टाकली होती. पुण्याची मंडळी हसली होती, मशीन हसलं नव्हतं. आज मात्र ते लाल होऊन बसलं होतं, सुरूच होईना. गुरम्मानं चष्मा लावला, पडद्यावर बोट ठेवलं.

"'जोडणी', तपासणीच्या मागून. 'तपासणी', जोडणीच्या मागून." तिनं तोंडाला पदर लावला. "आरं येड्या, दोघंबी एकमेकाच्या तोंडाकडं बघत बसलेत. सुरू कोण करील?"

मन्मथचे कान तापले. वरची एक ओळ खाली चिकटवताना नको ती चिकटवली होती. मग त्याची नजर हंड्याकडं गेली.

"मशीननं तरी लगेच सांगितलं, असं होणार न्हाई म्हणून. तू सकाळपासून बसलीस, अव्वा. पाणी पिण्याचं म्हणून अंघोळ न्हाई, अंघोळ न्हाई म्हणून पाणी पिणं न्हाई."

गुरम्माचं हसू विरलं. "तुझी ओळ तू पुसशील. माझी मी लिवलेली न्हाई. सासूनं लिवलीय."

"मग बहात्तरच्या दुष्काळात तिनं काय केलं? तवा तर हंडाबी नसंल."

गुरम्माची नजर कोनाड्याकडं गेली. त्याच साली ती लग्न होऊन या घरात आली होती. सासूनं कपाळापासून दंडापर्यंत, छातीला, पोटऱ्यांना विभूती चोळली होती आणि 'झाली अंघोळ' म्हणून पूजेला बसली होती. नव्या सुनेला ती शुद्ध चलाखी वाटली. माहेरी जाऊन तिनं सासूची नक्कल करून दाखवली, तेव्हा घर पोट धरून हसलं होतं.

"काय केलं, सांग की."

"चौकशा पुरे. कोनाड्यातली विभूतीची वडी आण."

आतल्या खोलीचं दार लोटून ती बराच वेळ आत होती. बाहेर आली ती पांढऱ्या हातांनी. हंड्यातलं पळीभर पाणी लिंगाला वाहिलं, पूजा उरकली, चतकोर भाकरी खाल्ली आणि अर्धा पेला पाण्याबरोबर गोळी घेतली.

मन्मथनं नको ती ओळ काढली होती. "जोडणी झाली," तो म्हणाला. "तपासणी चाललीय."

"तुझी आज्जी लबाड न्हवती," गुरम्मा म्हणाली.

"आं? कोण म्हणलं लबाड?"

तिनं पेला पुढं केला. "अजून अर्धा वत."