कारवानी कुत्रा आणि निळी फीत
कार्बोलिक साबणाचा वास आला की मला अजूनही एका जागी बसवत नाही. महाराज सयाजीरावांच्या काळात कमाटीबागेत कुत्र्यांचं प्रदर्शन भरलं होतं, तेव्हा सगळ्या हवेत तोच वास होता. दोऱ्या बांधून जातवार कप्पे केले होते. एकीकडे शिकारी, पलीकडे राखणीचे, आणि गाद्यांवर बसलेले मांडीत खेळवायचे केसाळ गोळे. डोक्यावर गठ्ठे वाहून मांडवीत कापडाचं दुकान उभं केलेला मी, माझा उंच, सडसडीत कारवानी कुत्रा घेऊन फाटकापाशी नावं लिहिणाऱ्या कारकुनाशी भांडत होतो. "शेठ, देशी कुत्र्याला इथे कप्पाच नाही," कारकून म्हणाला. "धावता ससा धरतो तो. शिकारी नाही तर काय पुजारी आहे?" बरीच घासाघीस झाल्यावर तो हळूच म्हणाला, "विलायती ग्रेहाउंड म्हणा ना, कोण विचारतंय!" सौदा ठरला. आत परीक्षक साहेबाने कुत्र्याची कंबर, छाती, पाय कौतुकाने चाचपले आणि गळ्यात निळी फीत बांधली. शेजारचे एक सरदार म्हणाले, "शेवटी विलायती रक्त लपत नाही!" माझं डोकंच फिरलं. "विलायती कसलं? माणदेशात मेंढरांमागे वाढलाय हा!" साहेबाने फीत सोडली, रुमालाने हात पुसले; कारकुनाने तर कानांवर हात ठेवले. फीत नियमाने गेली, ते मी व्यापारी माणूस समजू शकतो. पण कंबर तीच होती, पायही तेच; मग साहेबाने हात कशाचे पुसले, हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही.